बंद उभ्या जनरेटरचे पैसे

आमच्या सोसायटीच्या मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीला खेटून, हिरव्या रंगाची एक मोठी पेटी उभी आहे. आत डिझेल जनरेटर. दरवर्षी सर्वसाधारण सभेत कुणीतरी उठून विचारतं, "हा वर्षभर बंदच असतो, मग त्याच्या देखभालीचे पैसे कशाला भरायचे?" सेक्रेटरी ठरलेलं उत्तर देतात आणि सभा पार्किंगच्या विषयाकडे वळते.

१२ ऑक्टोबर २०२० ला सोमवार होता. सकाळी दहा वाजून गेल्यावर लाइट गेली. गोरेगावात लाइट जाणं ही काही बातमी नाही. पण पाच-दहा मिनिटांत फोन यायला लागले. दादरला नाही, ठाण्याला नाही, कुलाब्याला नाही. लोकल होत्या तिथे रुळांवर थांबल्या. मुंबई विद्यापीठाने त्या दिवशीच्या परीक्षा पुढे ढकलल्या. कोविडचे दिवस, रुग्णालयं जनरेटरवर. आमच्या वॉचमननंही खाली जाऊन सेल्फ मारला. घर्रघर्र झालं, पण इंजिन घेईना. बॅटरी बसली होती. डिझेल होतं, देखभालीचं कंत्राट होतं, कंत्राटदाराचे पैसे वेळच्या वेळी जात होते. टाळेबंदी लागल्यापासून तो जनरेटर एकदाही चालवून पाहिलेला नव्हता, एवढंच. लिफ्ट बंद, पंप बंद, म्हणजे पाणीही बंद. नवव्या मजल्यावरच्या आजींकडे दोन कळश्या पोचवताना मी पायऱ्या मोजल्या होत्या. एकशे बासष्ट.

विजेच्या बाजाराबद्दल मला जे म्हणायचंय ते सगळं त्या हिरव्या पेटीत आहे. आपण वीज युनिटवर विकत घेतो. पण ऐन वेळी वीज हजर असणं ही वेगळी वस्तू आहे. ती युनिटबरोबर फुकट मिळत नाही. तिचे वेगळे पैसे द्यावे लागतात. आणि नुसते पैसे देऊनही भागत नाही, ती जागेवर आहे का हे अधूनमधून तपासावं लागतं. आपल्याकडे बिल भरणारा यातल्या पहिल्या गोष्टीवर चिडतो आणि बिल पाठवणारे दुसरी गोष्ट करत नाहीत.

त्याच सकाळी जिन्यात आणखी एक गंमत दिसली. समोरच्या काकांनी काही वर्षांपूर्वी वीज कंपनी बदलली होती. आमची जुनीच. बिल आलं की दोघं आकडे ताडून बघायचो, कधी त्यांचं स्वस्त पडायचं, कधी आमचं. उपनगरात हे शक्य आहे, कारण जुलै २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा पॉवरला किरकोळ ग्राहकांना वीज विकण्याचा हक्क असल्याचं मान्य केलं आणि पुढच्या वर्षी राज्य वीज नियामक आयोगाने दुसऱ्याच्या तारांवरून ती देण्याची सोय लावून दिली. तार एकीची, वीज दुसरीची, आणि बिलात तारेचं भाडं म्हणून वहन आकार. देशात फार थोड्या ग्राहकांना अशी निवड मिळाली. त्या सोमवारी मात्र दोन्ही दारं उघडी होती आणि दोन्ही घरांत काळोख होता. काका म्हणाले, "मी निवडलं ते बिल होतं, वीज नव्हे." वीज कायद्यातल्या दुरुस्तीचं विधेयक २०२२ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं, नवा मसुदा २०२५ मध्ये आला. एकाच तारेवर अनेक कंपन्या, ग्राहकाला निवड, हा त्यातला मोठा मुद्दा. त्यावर कुणी भरभरून बोलू लागलं की मला काकांचं ते वाक्य आठवतं. स्पर्धेनं दर उतरत असतील, जरूर उतरावेत. पण दोन दुकानांना माल एकाच पुलावरून येत असेल, तर पूल पडल्यावर दुकान निवडून काय उपयोग?

पूल हा शब्द मी सहज वापरलेला नाही. मुंबई विजेच्याही बाबतीत बेटच आहे. शहराच्या पोटात किंवा शहराशी थेट जोडलेली वीज म्हणजे टाटांची खोपोली, भिवपुरी आणि भिरा ही जलविद्युत केंद्रं, मिळून साधारण ४४७ मेगावॅट. मग ट्रॉम्बेचं औष्णिक केंद्र आणि डहाणूचे ५०० मेगावॅट. सगळी बेरीज दोन हजारांच्याही आत राहते. उन्हाळ्यातली शहराची कमाल मागणी चार हजारांच्या वर गेली आहे. उरलेली वीज पडघा, कळवा, खारघर अशा मोजक्या वाटांनी खाडी ओलांडून येते. १२ ऑक्टोबरला कळवा-पडघा दरम्यानच्या ४०० केव्हीच्या वाहिन्या एकामागून एक बाद झाल्या. अशा वेळी मुंबईने स्वतःला राज्याच्या वीजजाळ्यापासून, म्हणजे ग्रिडपासून, तोडून आपल्या केंद्रांवर तग धरावी म्हणून १९८१ पासून एक व्यवस्था आहे. तिला आयलंडिंग म्हणतात. डहाणूच्या विजेवर उपनगरांतल्या काही अत्यावश्यक सेवा चालू राहिल्या, पण सबंध शहर तरलं नाही. काही भागांत दोन-तीन तासांत लाइट आली, काही भागांत रात्र झाली. पुढे चौकशी समित्या बसल्या, सायबर हल्ल्याची चर्चा झाली, केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक असल्याचं सांगितलं.

या प्रसंगाआधी मुंबईकर हजेरीचे पैसे देत नव्हता का? चांगले देत होता. शहरातला एखादा वीजनिर्मिती संच बंद पडला तर राज्याच्या ग्रिडमधून ५५० एमव्हीएपर्यंत (ढोबळ हिशेबात तेवढेच मेगावॅट) वीज उचलता यावी, यासाठी मुंबईच्या वीज कंपन्या वर्षानुवर्षं महावितरणला स्टँडबाय आकार देत आल्या. रक्कम वर्षाला ३९६ कोटी रुपये. टाटा आणि उपनगरांना वीज देणारी तेव्हाची बीएसईएस यांच्यात हा भार कुणी किती उचलायचा यावर इतकी वर्षं खटला चालला की वकिलांची एक पिढी त्यावर जगली असेल. हे पैसे अर्थात आपल्या बिलातून जात होते. आणि ज्या दिवशी गरज पडली त्या दिवशी राज्याकडे वीज होती, पण आणायला तार नव्हती. विमा काढला होता, कलमं मात्र भलत्याच संकटाची होती.

आता बाजाराकडे येऊ. भारतात पहिला वीज एक्स्चेंज जून २००८ मध्ये सुरू झाला. उद्याची वीज आज विकली जाते. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्याला वेगळा भाव निघतो. जून २०२० पासून त्याच दिवसाची, तासा-दीड तासावर आलेली वीजही तिथे मिळते. ही यंत्रणा मला मनापासून आवडते. कुणाची मनधरणी करायला नको, कुणाला फोन करायला नको, टंचाई असेल तर भाव चढतो आणि सुकाळ असेल तर पडतो. हल्ली भर दुपारी, सौर वीज ओसंडत असताना, भाव दोन रुपयांच्या आसपास किंवा त्याखालीही येतो. संध्याकाळी सात वाजता तोच दहा रुपयांना टेकतो. दहाच्या वर का जात नाही? कारण केंद्रीय वीज नियामक आयोगाने तिथे झाकण ठेवलंय. मार्च २०२२ मध्ये कोळशाच्या टंचाईत भाव वीस रुपयांना भिडला होता, तेव्हा आधी बारा आणि मग दहाची मर्यादा आली.

अर्थशास्त्राचे जाणकार या झाकणावर नाराज असतात. त्यांचं म्हणणं असं की वर्षातले पन्नासएक तास भाव मोकळा सोडा. त्या चढ्या भावाच्या आशेवर कुणीतरी एरवी बंद राहणारं केंद्र बांधेल. कागदावर हे अगदी बरोबर आहे. अमेरिकेतल्या टेक्सासने हेच केलं होतं. तिथली कमाल मर्यादा मेगावॅट-तासाला नऊ हजार डॉलर होती. तेव्हाच्या दराने आपल्या युनिटला साडेसहाशे रुपये. फेब्रुवारी २०२१ च्या थंडीच्या लाटेत भाव त्या मर्यादेला जाऊन चिकटला आणि तरीही वायूच्या नळ्या आणि केंद्रं गोठून बंदच राहिली. राज्याच्या सरकारी मोजणीप्रमाणे २४६ माणसं दगावली. भाव कितीही चढला तरी गोठलेला व्हॉल्व्ह त्या रात्री वितळत नाही. ती तयारी दोन हिवाळे आधी करायची असते, आणि दहा वर्षांतून एकदा येणाऱ्या रात्रीसाठी आपल्या खिशातून पैसे घालणारा कारखानदार मी तरी पाहिला नाही.

शिवाय आपल्याकडे युनिटला साडेसहाशे रुपये हा भाव विधानसभेच्या पायरीवर पाच मिनिटंही टिकणार नाही, आणि टिकूही नये. मग निदान प्रामाणिकपणे मान्य करू या की भावावर झाकण ठेवलं, तर त्या झाकणामुळे न मिळालेले पैसे दुसऱ्या वाटेने द्यावे लागतात. नाहीतर संध्याकाळच्या त्या तीन-चार तासांसाठी कुणी काही बांधणार नाही.

ही दुसरी वाट आपल्याकडे फार जुनी आहे. वितरण कंपनी वीज केंद्राशी पंचवीस वर्षांचा करार करते. त्यात दोन रकमा असतात. एक स्थिर आकार, वीज घ्या किंवा न घ्या, केंद्र तयार ठेवल्याबद्दल. दुसरा ऊर्जा आकार, जितकी घ्याल तितका. आपल्या बिलातही याचीच छोटी सावली असते. एक्स्चेंजचा कितीही गाजावाजा झाला तरी देशातल्या विजेचा दहावा हिस्साही तिथून जात नाही. बाकी सगळं अशा करारांवर चालतं. म्हणजे हजेरीचा बाजार आपल्याकडे आहेच. फक्त हजेरी मोजायची पद्धत भोंगळ आहे.

बघा ना. जुन्या ढाच्यात केंद्राने वर्षभरात सरासरी ८५ टक्के उपलब्धता दाखवली की त्याला पूर्ण स्थिर आकार मिळतो. उरलेले १५ टक्के म्हणजे वर्षातले ५५ दिवस. ते कुठले पंचावन्न? श्रावणातल्या पावसाळी रात्री पंखेसुद्धा मंद असतात, तेव्हाची हजेरी आणि मे महिन्यातल्या संध्याकाळी साडेसातची हजेरी या हिशेबात सारखीच धरली जाते. शाळेतला एखादा वस्ताद पोरगा वर्षभर आला आणि नेमका परीक्षेला गैरहजर राहिला, तरी हजेरीपटावर तो पास. केंद्रीय आयोगाने २०१९ च्या नियमांत हे थोडं सुधारलं. जास्त मागणीचे महिने आणि दिवसातले कमाल मागणीचे तास वेगळे काढून स्थिर आकाराची वसुली त्यांच्याशी जोडली. पाऊल योग्य दिशेला आहे. माझ्या मते मात्र ते पुरेसं लांब नाही, कारण त्यात वेळ आली, जागा आली नाही. चंद्रपूरला तयार असलेला एक मेगावॅट आणि ट्रॉम्बेला तयार असलेला एक मेगावॅट हे मुंबईच्या दृष्टीने सारखे नाहीत. १२ ऑक्टोबरला सगळ्या शहराने तो फरक दिवसभर अनुभवला.

उलट आपली रोजची पद्धत नेमकी विरुद्ध बाजूला ढकलते. मेरिट ऑर्डर म्हणजे ज्याचा चालू खर्च कमी त्याला आधी चालवायचं. त्यामुळे बाहेरची स्वस्त वीज आधी आणि शहरातले महाग संच मागे. वर्षातले ३६० दिवस हे शहाणपणाचं आहे आणि बिल त्यानेच कमी होतं. पण त्यात प्रत्येक दिवशी शहर त्या चार-दोन तारांवर थोडं अधिक रेलतं, आणि त्या रेलण्याची किंमत कुठल्याच खात्यात लिहिली जात नाही.

हजेरीचे पैसे म्हटलं की महाराष्ट्रात एकच नाव निघतं. दाभोळ. निघायलाच हवं. डिसेंबर १९९३ मध्ये एन्रॉन या अमेरिकी कंपनीबरोबर झालेला तो वीजखरेदीचा करार स्पर्धात्मक निविदा न काढता झाला, त्यातले मोठे आकडे डॉलरशी बांधलेले होते, आणि राज्याला एवढी वीज त्या भावाने हवी आहे का हा प्रश्न नीट विचारलाच गेला नव्हता. पहिला टप्पा १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा सुरू झाला, नाफ्ता या खनिज तेलापासूनच्या इंधनावर. २००० च्या अखेरीस युनिट सात रुपयांच्या पुढे गेलं. मे २००१ मध्ये राज्य वीज मंडळाने वीज घेणं थांबवलं आणि त्याच डिसेंबरात अमेरिकेतली मूळ कंपनी दिवाळखोरीत गेली. तेव्हापासून आपल्याकडे 'वीज न घेता पैसे' हे शब्द शिवीसारखे वापरले जातात.

पण दाभोळच्या बरोबरीने मुंद्राचीही गोष्ट सांगायला हवी, आणि ती फारशी कुणी सांगत नाही. गुजरातच्या किनाऱ्यावरचा हा चार हजार मेगावॅटचा प्रकल्प टाटांनी निविदेत जिंकला तो सरासरी २ रुपये २६ पैशांच्या बोलीवर. महाराष्ट्र त्याच्या पाच खरेदीदारांपैकी एक. सगळ्यांना वाटलं, लॉटरी लागली. मग इंडोनेशियाने आपल्या कोळशाच्या निर्यातीचे नियम बदलले आणि हिशेब कोसळला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की परदेशातला कायदा बदलला म्हणून दर वाढवून मागता येणार नाही. निकाल कायद्याला धरून होता. पण तोट्यात वीज विकण्यापेक्षा केंद्र बंद ठेवणं परवडतं, हे गणित कुठलं न्यायालय बदलणार? २०२१-२२ च्या टंचाईत आयात कोळशावरची केंद्रं थंड पडून होती आणि मे २०२२ मध्ये केंद्र सरकारला वीज कायद्याचं कलम ११ वापरून ती चालवायला लावावी लागली. दाभोळमध्ये आपण नको असलेल्या विजेचे पैसे दिले. मुंद्रात स्वस्त वीज कागदावर आपली होती आणि गरजेला ती नव्हती. यातलं कुठलं जास्त महाग पडलं, याचा मला खरोखर निर्णय करता येत नाही. दोन्हीकडे चूक कराराच्या रचनेत होती, एवढं दिसतं.

रचना कशी असावी हे सांगायला आमची हिरवी पेटी पुन्हा उपयोगी पडते. त्या सोमवारनंतर सोसायटीने कंत्राट बदललं. पैसे तेवढेच, पण आता दर रविवारी जनरेटर दहा मिनिटं चालवायचा, किती सेकंदांत भार घेतला ते वहीत लिहायचं, वॉचमन आणि कमिटीचा एक सदस्य दोघांनी सही करायची. रविवार चुकला तर त्या आठवड्याचे पैसे कापायचे. ऐन वेळी सुरू झाला नाही तर तीन महिन्यांचे. पहिल्या वर्षी कंत्राटदार कुरकुरला, मग त्याने स्वतःहून नवी बॅटरी आणून बसवली. आमच्या कमिटीत कुणी ऊर्जातज्ज्ञ नाही. एक निवृत्त बँक अधिकारी आहेत, त्यांना व्हाउचरवर सही नसली की झोप लागत नाही.

शहराच्या पातळीवर याचा अर्थ असा. तीन-चार वर्षं पुढची गरज आधी काढायची. मुंबईच्या बेटाच्या आत, एप्रिल-मे-जून आणि ऑक्टोबरात, संध्याकाळी सहा ते मध्यरात्र, किती मेगावॅट हजर हवेत? मग त्या हजेरीची निविदा काढायची, रुपयांत, थोड्या वर्षांची. त्यात कोण उतरतो याची पर्वा नको. ट्रॉम्बेचा संच, भिऱ्याचं पाणी, अंधेरीतल्या मॉलच्या तळघरातली बॅटरी, संध्याकाळी दोन तास कॉम्प्रेसर बंद ठेवायला तयार असलेलं शीतगृह, सगळे एकाच रांगेत. आगाऊ न सांगता चाचणी. गैरहजरीला दंड, आणि तो वर्षभरात मिळालेल्या रकमेइतकाही होऊ शकेल एवढा. केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये वीज पर्याप्ततेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. वितरण कंपन्यांनी आपली गरज आधी मोजून तेवढे करार दाखवायचे, असं त्यात आहे. चांगलंच आहे. मात्र करार दाखवणं आणि वीज हजर असणं यातलं अंतर आम्ही पायऱ्या चढून मोजलं आहे.

दंडाचा आग्रह का, तेही सांगतो. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या पीजेएम या ग्रिडने २००७ पासून हजेरीचा स्वतंत्र बाजार चालवला. त्याचा नमुना म्हणून जगभर अभ्यास होतो. डिसेंबर २०२२ मध्ये नाताळच्या तोंडावर वादळ आलं, तेव्हा पैसे घेऊन बसलेल्या क्षमतेपैकी जवळपास चौथा हिस्सा गैरहजर निघाला, त्यात वायूची केंद्रं जास्त. दंड बसला सुमारे १८० कोटी डॉलरचा, आणि मग केंद्रवाल्यांनी वकील लावून तडजोडीत त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा कमी करून घेतला. दिवे मात्र गेले नाहीत, हेही सांगायला हवं. पुढे जुलै २०२४ च्या लिलावात तिथला हजेरीचा भाव मेगावॅट-दिवसाला २९ डॉलरवरून २७० वर गेला आणि आता तिथले ग्राहक ओरडत आहेत. म्हणजे हा बाजार मांडला की झालं, असं मुळीच नाही. त्यावर सतत राखण लागते.

हे सगळं परक्यांकडून शिकायची गरज नाही, कारण एक घरचा प्रयोग आपण विसरून गेलो आहोत. २००६ मध्ये भारनियमनाने पुणं हैराण होतं. तुटवडा फार नव्हता, शंभर मेगावॅटच्या आतबाहेर. त्याच शहरातल्या कारखान्यांकडे स्वतःचे जनरेटर होते, आणि बहुतेक वेळ ते बंद उभे असत. उद्योजकांच्या संघटनेने प्रस्ताव मांडला की आम्ही आमचे संच चालवतो आणि ग्रिडमधून तेवढी वीज कमी उचलतो, ती शहराला द्या. डिझेलचा जादा खर्च जास्त वापराच्या ग्राहकांच्या बिलात विश्वसनीयता आकार म्हणून लागला. राज्य आयोगाने परवानगी दिली आणि पुण्याचं भारनियमन थांबलं. नवं केंद्र बांधलं नाही, पंचवीस वर्षांचा करार केला नाही. डिझेलचा धूर झाला हे खरं, आणि आज मी डिझेलची शिफारस करणार नाही. पण कुणाची तरी बंद उभी क्षमता मोजली, तिला भाव दिला, आणि कोण देणार हेही ठरवलं. छोटा गरीब ग्राहक त्यात भरडला गेला नाही.

डिझेलची जागा आता बॅटरीला घेता येईल. २०२२ मध्ये देशातल्या पहिल्या मोठ्या निविदेत बॅटरीच्या साठवणुकीचा भाव मेगावॅटला महिन्याला जवळपास अकरा लाख रुपये निघाला होता. दोन-अडीच वर्षांत, काही अंशी सरकारी अनुदानाच्या जोरावर, तो सव्वादोन लाखांच्या आसपास उतरला. दुपारची दोन रुपयांची वीज भरायची, संध्याकाळी दहाच्या वेळी सोडायची, आणि तार तुटली तर बेटाच्या आत तीच पहिल्या काही सेकंदांत उडी घेऊन विजेची वारंवारता, म्हणजे तिच्या ठोक्यांची गती, सावरेल. एकाच यंत्राचे तीन उपयोग. मग बॅटरीवाल्याला तिन्हींचे पैसे मिळाले पाहिजेत, नाहीतर तो फक्त पहिल्या दोनांसाठी जागा निवडेल आणि ती जागा मुंबईत नसेल, कारण इथे जमिनीला सोन्याचा भाव. २०२५ मध्ये राज्य आयोगाने टाटा पॉवरला मुंबईत शंभर मेगावॅट बॅटरी बसवायला परवानगी दिली. चार हजारांच्या शहरात शंभर. सुरुवात आहे.

तारांचं मात्र बाजारावर सोडता येणार नाही, तिथे मी सरळ सरकारी नियोजनाच्या बाजूचा आहे. विक्रोळीचं ४०० केव्हीचं उपकेंद्र दशकाहून जास्त रखडलं आणि अखेर २०२३ च्या ऑक्टोबरात चालू झालं, अंधाराच्या त्या दिवसानंतर तीन वर्षांनी. कुडूसहून आरेपर्यंत एक हजार मेगावॅटची उच्चदाब एकदिश वाहिनी हा दुसरा मोठा मार्ग. या दोन वाटांमुळे २०२० सारखा प्रसंग यायची शक्यता कमी होते, हे कबूल. पण खाडी ओलांडणाऱ्या प्रत्येक नव्या तारेबरोबर शहरातलं एखादं जुनं केंद्र बंद करायची घाईही वाढते. ट्रॉम्बेच्या कोळशाबद्दल शेजारच्या माहुलच्या लोकांची तक्रार खोटी नाही. ते श्वासातून आपली विश्वसनीयता भरतात. त्यांना मोकळं करायचं तर त्या जागी बेटाच्या आतलं दुसरं काहीतरी आधी उभं राहायला हवं. आणि मुळात आपली ही सगळी श्रीमंती कुणाच्या तरी पाण्यावर उभी आहे. भिऱ्याला पाणी मुळशीच्या धरणातून येतं, आणि त्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांनी केलेला सत्याग्रह मुंबईच्या विजेच्या हिशेबात कधी धरला जात नाही.

माझा मामेभाऊ अकोल्याचा. ऑक्टोबर २०२० मध्ये मी त्याला फोनवर तावातावाने हे सगळं सांगत होतो. तो शांतपणे म्हणाला, "दादा, तुमची काही तास गेली तर चौकशी समिती बसली. आमची बारा-बारा तास जायची तर नुसतं वेळापत्रक यायचं." त्याला उत्तर नाही. २००५ नंतरच्या त्या वर्षांत मुंबईत भारनियमन नव्हतं आणि विदर्भात, जिथे राज्याचा कोळसा जळतो, तिथे होतं. शेतपंपाला आजही बऱ्याच ठिकाणी आठवड्याआड रात्रीची पाळी येते. म्हणूनच मी म्हणतो की मुंबईला स्वतःची हजेरी विकत घ्यायची असेल तर ती मुंबईच्या, आणि त्यातही मोठ्या वापराच्या, बिलातून जावी. राज्याच्या सामायिक डोक्यावर नको. आमच्या लिफ्टचा भार त्याच्या पंपावर कशाला?

राहता राहिली चाचणी. जुन्या म्हणजे २०१० च्या ग्रिड संहितेत, ग्रिड चालवण्याच्या नियमावलीत, लिहिलं होतं की काळोखातून केंद्र उठवण्यासाठी ठेवलेले डिझेल संच दर आठवड्याला सुरू करून पाहावेत आणि सगळ्या प्रक्रियेची रंगीत तालीम ठरावीक काळाने व्हावी. दिल्लीत कुणीतरी आमच्या निवृत्त बँक अधिकाऱ्यांच्या स्वभावाचा माणूस बसला असावा. मुंबईच्या आयलंडिंगचीही अशी तालीम उघडपणे, तारीख जाहीर करून, निकाल आयोगाच्या संकेतस्थळावर टाकून व्हावी असं मला वाटतं. जानेवारीतल्या एखाद्या रविवारी पहाटे चार वाजता, मागणी सर्वांत कमी असताना, टप्प्याटप्प्याने. त्यात एखाद्या भागाची लाइट दहा मिनिटं जाईल, लोक ओरडतील, आणि म्हणूनच कुणी अधिकारी आपल्या सहीने ती करायला धजत नाही. चुकून गेलेली लाइट कुणाच्या नावावर लागत नाही. तालमीत गेलेली लागते.

आमच्याकडेही तक्रार आलीच. गेल्या सर्वसाधारण सभेत "बंद जनरेटरचे पैसे कशाला" हा प्रश्न पहिल्यांदाच निघाला नाही. बी विंगमधल्या एक ताई उठल्या आणि म्हणाल्या की रविवारी सकाळी आठला त्याचा आवाज फार होतो, मुलांची झोपमोड होते. अर्धा तास चर्चा झाली. आता तो साडेअकराला लावतात.